नेहाची परी आणि परीचा ‘फ्रेंड’: ‘माझी तुझी रेशीमगाठ’ पुन्हा पाहताना

झी मराठीवर २३ ऑगस्ट २०२१ रोजी ‘माझी तुझी रेशीमगाठ’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात तिच्यासमोर तीन पिढ्या बसत असत: माझी आई, मी आणि माझी मुलगी. मी चार वर्षांची असताना वडील गेले आणि आईने मला एकटीने वाढवले. त्यामुळे एकट्या आईची गोष्ट हलक्याफुलक्या प्रेमकथेच्या रूपात येणार हे कळल्यावर ती साशंक होती. मालिकांमधील अशी स्त्री एक तर सारखा डोळ्यांना पदर लावते, नाही तर देवीसारखी सगळे सोसते, असा तिचा आजवरचा अनुभव होता. पहिल्या आठवड्यानंतर मात्र रात्री साडेआठला टीव्ही तीच लावू लागली. आता झी फाइव्हवर मालिका पुन्हा पाहताना, त्या वेळी घरात, इमारतीत आणि माझ्या कचेरीत झालेल्या चर्चाही आठवत गेल्या, आणि त्यांतील बहुतेक मतांशी मी आजही सहमत आहे.

कथा साधी आहे. नेहा कामत ही नोकरी करून लहानग्या परीला एकटीने वाढवणारी स्त्री. नवरा कर्जाचे ओझे मागे ठेवून निघून गेलेला. यशवर्धन चौधरी हा मोठ्या उद्योगपती घराण्यातील नातू. तो नेहाच्या प्रेमात पडतो, स्वतःची खरी ओळख लपवतो आणि त्या लपवाछपवीतून गमतीचे आणि अवघडलेपणाचे प्रसंग घडत जातात. श्रीमंत नायक आणि मध्यमवर्गीय नायिका ही जोडी मराठी प्रेक्षकांना नवी नाही. नवे होते ते हे, की या प्रेमकथेचा रस्ता परीच्या मनातून जात होता. यशची परीशी मैत्री जुळते, ती त्याला ‘फ्रेंड’ म्हणू लागते, आणि नेहाच्या मनातील भीती हळूहळू ओसरते ती त्या मैत्रीकडे पाहत. ‘मला कोणी मागणी घातली असती, तर मी आधी तुझ्याशी तो कसा बोलतो ते पाहिले असते,’ असे आई त्या काळात एकदा सहज बोलून गेली. इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता, आणि तो या मालिकेमुळे निघाला याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मालिका ज्या महिन्यांत सुरू झाली तो काळही विसरता येत नाही. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमधून प्रवास करण्याची मुभा मिळाली होती, कचेऱ्या पुन्हा बोलावू लागल्या होत्या, शाळा मात्र बंद होत्या. आपण कामावर गेल्यावर मुलाला कोण सांभाळणार, हा प्रश्न तेव्हा जोडीदार असलेल्या बायकांनाही छळत होता. नेहाच्या घरी या प्रश्नाचे उत्तर शेजारचे बंडूकाका आणि काकू होते. अजित केळकर आणि मानसी मागीकर यांनी रंगवलेले हे वृद्ध दांपत्य माझ्या मते मालिकेच्या पूर्वार्धाचा कणा आहे. त्यांचे नेहाशी रक्ताचे नाते नाही, आणि तरीही परीचे खाणेपिणे, तिचे हट्ट आणि तिची दुखणीखुपणी ही त्यांना आपल्याच घरची कामे वाटतात. आमच्या चाळीतही अशा एक काकू होत्या. आईला उशीर झाला की मी त्यांच्याकडे भात-आमटी जेवून त्यांच्या देवघरासमोर झोपी जात असे, आणि पुष्कळदा सकाळी जाग यायची ती आपल्या घरात. एकट्या आईचे घर कोणाच्या बळावर चालते, हे मालिकेला नेमके कळले होते. तिला प्रेमाची गरज असते, पण त्याआधी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मुलीकडे लक्ष ठेवणारे कोणीतरी हवे असते. नायकाला पडद्यावर आणण्याची घाई असलेल्या मालिका हे सहसा दाखवत नाहीत.

अभिनयाविषयी मतभेद झाले ते प्रामुख्याने परीवरून. मायरा वायकुळ ही मुलगी समाजमाध्यमांवर आधीच लोकप्रिय होती. तिचा सहज वावर आणि कॅमेऱ्यासमोर न बुजणारे डोळे यांमुळे घरातील लहान मुलेही मालिकेसमोर बसू लागली. आमच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे मात्र असे, की तिच्या तोंडी मोठ्यांची वाक्ये फार येतात आणि समंजसपणाचा भार त्या वयाला पेलणारा नाही. त्यांचे म्हणणे मला काही अंशी पटते. परी हट्ट करते, रुसते, पेंगते तेव्हा ती खरी वाटते. आईला जगण्याचे धडे देऊ लागते तेव्हा लेखकाचा हात दिसतो. तरीही एकट्या पालकाची मुले लवकर शहाणी होतात हे मी स्वतःवरून सांगू शकते, म्हणून या दोषाकडे मी कठोरपणे पाहू शकत नाही.

प्रार्थना बेहेरे यांनी नेहाला केविलवाणी होऊ दिले नाही, हे त्यांचे सर्वांत मोठे यश. पैशांची ओढाताण सांगतानाही त्यांच्या आवाजात मान राखलेला असतो, आणि कोणाची मदत घेताना चेहऱ्यावर जो क्षणभराचा संकोच येतो तो पाहून माझी आई दर वेळी गप्प होत असे. श्रेयस तळपदे यांना आमच्या पिढीने ‘आभाळमाया’पासून पाहिले आहे. यशच्या भूमिकेत त्यांनी श्रीमंतीचा रुबाब बाजूला ठेवून परीसमोर गुडघ्यांवर बसणारा, तिच्या उंचीवर येऊन बोलणारा माणूस उभा केला. नायक-नायिकेच्या वयावरून सुरुवातीला आमच्या कचेरीत कुजबुज झाली होती, पण दोघांच्या बोलण्यातील मोकळेपणामुळे ती लवकरच थांबली. संकर्षण कऱ्हाडे यांचा समीर हा यशचा मित्र, आणि विनोदाचा मोठा भार त्यांनी उचलला आहे. त्यांच्या संवादफेकीतील लय इतकी नैसर्गिक आहे की प्रसंग लांबला तरी कंटाळा येत नाही. मोहन जोशी यांचे आजोबा प्रेमळ आणि हटवादी दोन्ही आहेत. शीतल क्षीरसागर यांची सिम्मी, म्हणजे यशची काकू, सुरुवातीला मजेदार वाटते, पुढे तिचे डाव तेच ते होत जातात.

जून २०२२ मध्ये यश आणि नेहाचे लग्न झाले. आमच्या घरात त्या दिवशी श्रीखंड-पुरीचा बेत होता आणि शेजारच्या दोन कुटुंबांतील बायका आमच्याकडे येऊन तो भाग पाहत होत्या. खरी रेशीमगाठ येथून पुढे बांधली जायला हवी होती. लग्नानंतर मुलगी नव्या घरात कशी रुळते, सावत्र हा शब्द तिच्या कानावर कोणाकडून पडतो, आईच्या खोलीत तिची जागा कोठे असते, ती ‘फ्रेंड’ला बाबा केव्हा आणि कसे म्हणते, हे सारे हलक्या हाताने दाखवता आले असते आणि ते दाखवण्याची ताकद या कलाकारांमध्ये होती. त्याऐवजी परीचा जन्मदाता अविनाश कटकारस्थानांसह परत आला, पुढे नेहाचा अपघात झाला आणि तिच्यासारखी दिसणारी अनुष्का कथेत आली. कचेरीतील माझी एक घटस्फोटित मैत्रीण येथपर्यंत एकही भाग न चुकवता पाहत होती, आणि येथे तिने मालिका सोडली. तिचे म्हणणे असे, की चौधरींच्या राजवाड्यासारख्या घरात गेल्यावर नेहाला महिन्याच्या वीस तारखेला पैशांचा हिशेब करावा लागत नाही, म्हणून तिच्यापुढे अडचण उरली नाही असे लेखकांनी मानले आणि बाहेरून संकटे आणली. याहून नेमकी टीका मी कोठे ऐकलेली नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये मालिकेची वेळ साडेआठवरून संध्याकाळी साडेसहा झाली, हेही आम्हा नोकरदार बायकांना लागले. त्या वेळी नेहासारखी कोणतीही आई घरी पोहोचलेली नसते. ती दादरला किंवा ठाण्याला गर्दीत उभी असते. अखेर २२ जानेवारी २०२३ रोजी मालिकेने निरोप घेतला.

एक अपेक्षा मात्र अपुरी राहिली. शाळेचा प्रवेश, रुग्णालयातील संमतिपत्र, वडिलांच्या नावाचा रकाना, अशा कागदांपुढे एकट्या आईची जी अडवणूक होते ती या कथेत मला अधिक हवी होती. माझ्या शाळेच्या अर्जावर दिवंगत वडिलांचे नाव लिहून झाल्यावरही आईला ‘पालक’ म्हणून सही करताना दोनदा विचारले गेले होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. ती बातमी वाचून आईने पहिल्यांदा ‘परी नेहा कामत’ असे नाव उच्चारून पाहिले, आणि मग माझे.

नव्याने पाहणाऱ्यांना माझी शिफारस एवढीच, की पहिल्या भागापासून लग्नापर्यंतचा प्रवास सलग आणि मुलांसह पाहावा, आणि पुढील भागांतून फक्त परी व आजोबांचे प्रसंग निवडून घ्यावेत. आम्ही तसेच करतो. गेल्या रविवारी आईने पुन्हा बंडूकाका-काकूंचे सुरुवातीचे भाग लावायला सांगितले, आणि ते संपल्यावर चाळीतल्या त्या काकूंच्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक माझ्याकडे आहे का, अशी चौकशी केली.