गॅलरीतला थर्मामीटर आणि पेपरातलं तापमान : अकरा महिन्यांनंतर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीन वाजता आमच्या गॅलरीत ४४.६ अंश होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात पुण्याचं कमाल तापमान ३९.४. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा काढून पेपरावर ठेवला. "अगं, एकतर हे यंत्र खोटं बोलतंय, नाहीतर वेधशाळा. पैसे परत मिळतात का बघ."

यंत्र मार्चमध्ये ऑनलाइन घेतलं होतं, १,४५० रुपयांना. घरात ठेवायला एक डिस्प्ले, त्यावर आतलं तापमान आणि आर्द्रता. बाहेरसाठी एक छोटी डबी, तिच्या वायरच्या टोकाला खिळ्याएवढा स्टीलचा सेन्सर. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण हीच डबी पाच वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे आणि पाचांचीही किंमत वेगळी. घर सिंहगड रोडला, चौथा म्हणजे शेवटचा मजला, गॅलरी पश्चिमेला. हे सांगणं गरजेचं आहे, कारण सगळं रामायण त्या गॅलरीचंच निघालं.

कस्टमर केअरला फोन केला तर "सेल बदलून बघा." बदलले. ४४ च. मग घरीच परीक्षा घेतली. बर्फाचा चुरा स्टीलच्या भांड्यात भरला, त्यात थोडं थंड पाणी घातलं आणि सेन्सर मधोमध खुपसून ढवळत राहिले. वितळणाऱ्या बर्फाचं तापमान शून्य असतं, त्यात कुणाचं मत चालत नाही. दहा मिनिटांनी आकडा ०.६ वर थांबला. या किमतीत अर्धा-एक अंश इकडेतिकडे चालतो, म्हणजे यंत्र पास. पैसे परत मागायची सोय राहिली नाही.

मग चूक कुणाची? कुणाचीच नाही. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते, एवढंच. उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतः किती तापलाय ते सांगतो. माझा सेन्सर गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला बांधलेला होता. दुपारी त्याच्यावर थेट ऊन, मागे तापलेली भिंत, खाली काळसर फरशी. सावली आली तरी भिंत उष्णता फेकतच राहते. ४४.६ हे त्या ग्रिलजवळच्या खिळ्याचं तापमान होतं.

वेधशाळेत हे टाळण्यासाठी काय करतात ते शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलेलं असतं. पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी, चार पायांवर उभी. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सनची ही कल्पना. पांढरा रंग ऊन परतवतो, झडपांतून वारा खेळतो, ऊन मात्र आत येत नाही. पेटी मोकळ्या जागी, गवतावर, साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. आपल्याकडे तिचं दार उत्तरेला, म्हणजे वाचायला दार उघडलं तरी सूर्य आत डोकावत नाही. एका आकड्यासाठी एवढी काळजी, आणि मी खिळा ग्रिलला सुतळीने बांधलेला.

आपल्याकडे ज्याला सिमला ऑफिस म्हणतात ते शिवाजीनगरचं हवामान खात्याचं कार्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. पेपरात नुसतं 'पुणे' असं छापतात तेव्हा बहुतेक वेळा आकडा शिवाजीनगरचा असतो. लोहगाव, पाषाण, चिंचवड, मगरपट्टा इथेही केंद्रं आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशीच जुळत नाहीत. थंडीत पाषाणला पारा शिवाजीनगरपेक्षा खाली आणि मगरपट्ट्याला कितीतरी वर, हे पुणेकरांना नवीन नाही. वेधशाळेची दोन केंद्रं आपसात भांडतात, तर माझी गॅलरी कोण?

मग जागा बदलली. उत्तरेची ड्राय बाल्कनी बरी वाटली, ऊन अजिबात नाही. पण तिथे रात्री अकराला तापमान दोन अंशांनी चढायचं. चार रात्री कोडं सुटेना. पाचव्या रात्री कठड्यावरून वाकून पाहिलं तर खालच्या मजल्यावरच्या एसीचं आउटडोअर युनिट नेमकं आमच्या सेन्सरखाली गरम फुंकर मारत होतं. दिवसा वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांमुळे उलट प्रकार, आकडा खाली. सेन्सर बिचारा जे समोर येईल ते प्रामाणिकपणे मोजत होता.

शेवटी घरचीच स्टीव्हन्सन पेटी केली. कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सात ताटल्या उपड्या करून एकावर एक, मध्ये बोटभर फट, तीन थ्रेडेड रॉड आणि नट. वरची ताटली सोडून बाकी सगळ्यांना गरम सुरीने मधोमध भोक पाडलं आणि सेन्सर त्या पोकळीत लोंबकळत सोडला. खर्च २४० रुपये आणि एक भाजलेलं बोट. स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीतून दोन फूट बाहेर काढलेल्या पाइपला ते टांगलं. त्या दिवसापासून पेपराशी पाच अंशांचं भांडण पावणेदोनवर आलं. उरलेला फरक मी मिटवायला गेले नाही. तो आमच्या रस्त्याचा, डांबराचा, सिमेंटचा आणि तोडलेल्या गुलमोहराचा आहे.

खरी खात्री पटली ती जुलैमध्ये. आभाळ भरलेलं, वारा सुटलेला, आणि तीन आठवडे माझा आणि शिवाजीनगरचा दुपारचा आकडा अर्ध्या अंशाच्या आत. ऊनच नाही तर भिंत तापणार कशाने? यंत्र बिघडलेलं असतं तर पावसाळ्यातही बिघडलेलंच राहिलं असतं. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली.

हिवाळ्यात फरक पुन्हा वाढला, या वेळी रात्रीच्या किमान तापमानात. पेपरात ९ अंश, आमच्याकडे १३.५. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन पटकन थंड होते आणि थंड हवा जड असल्यामुळे खाली, खोलगट भागात साचते. आम्ही चौथ्या मजल्यावर, त्यात इमारत दिवसभराची ऊब रात्रभर सोडत असते. त्यामुळे शेकोट्यांचे फोटो बघायचे आणि आपण नुसती शाल घ्यायची.

मोबाइलवरच्या 'आत्ताचं तापमान' या आकड्यावरही माझा राग होता, तो आता गेला. तो बहुतेकदा कुठल्या थर्मामीटरचा नसतोच. संगणकावरच्या मॉडेलने नकाशाच्या एका चौकोनासाठी काढलेला असतो, काही ॲप जवळच्या विमानतळाचा आकडा देतात. हवामान खात्याने २०२५ मध्ये आणलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम' या अंदाजाच्या मॉडेलचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे आणि तो बारीक समजला जातो. तेवढ्या चौकोनात पर्वती, तळजाईची झाडी, मुठेचं पात्र आणि आमचा तापलेला स्लॅब सगळं मावतं. त्या सगळ्यांसाठी आकडा एकच.

आणखी एक घोळ वेळेचा. वेधशाळा सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला नोंदी घेते. माझं यंत्र किमान-कमाल मध्यरात्री बाराला पुसून टाकतं. मे महिन्यात वळवाच्या गारा पडल्या त्या दिवशी संध्याकाळी पारा घसरून २१ वर आला आणि यंत्राने तेच दिवसाचं किमान म्हणून लिहिलं. पेपरातलं किमान पहाटेचं होतं. दोघं बरोबर, तुलनाच चुकीची.

तक्रार आहे ती आर्द्रतेबद्दल. पावसाळ्यानंतर डिस्प्लेवरचा आकडा कायम चढा वाटायला लागला. झाकणाच्या डब्यात एका वाटीत ओलसर मीठ (ओलसरच, पाण्यात बुडवलेलं नाही) आणि शेजारी डिस्प्ले ठेवून रात्रभर बंद केला. अशा डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ८१ म्हणत होतं. दुरुस्तीची सोय मेनूमध्ये नाही, म्हणून मनातल्या मनात सहा वजा करते. शिवाय बाहेर ९० असताना घरात ७५ दिसलं म्हणून घाबरू नका. तेवढीच वाफ गरम हवेत कमी टक्के भरते, आणि आपलं घर बाहेरपेक्षा गरम असतं.

आता विचाराल, वेधशाळेशी जुळतच नसेल तर घ्यायचं कशाला? मला उपयोग झाला तो आत आणि बाहेर यांतल्या फरकाचा. एप्रिलमध्ये रात्री नऊला बाहेर ३०, हॉलमध्ये ३५. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडतो, हे ऐकून माहीत होतं, आकड्यांत दिसलं तेव्हा सवय बदलली. आम्ही पूर्वी संध्याकाळी सहालाच "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघडायचो. सहाला बाहेर आतल्यापेक्षा दोन अंश जास्त असायचं, म्हणजे झळा आमंत्रण देऊन आत घेत होतो. आता बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेल्याशिवाय खिडकी उघडायची नाही, असा नियम आहे. सकाळी आठला पडदे बंद.

मेच्या सुरुवातीला गच्चीला चुना मारला. नंतरच्या आठवड्यात घरातली दुपार दोन अंशांनी उतरली. श्रेय सगळं चुन्याला देत नाही, त्याच आठवड्यात ढग आले होते.

बाकी किरकोळ. बाहेरच्या डबीचे सेल सात महिने चालले. वायरचं रबर उन्हाने कडक झालंय. डिस्प्ले रात्री अंधारात दिसत नाही, बटण दाबावं लागतं. अण्णांनी वही केली आहे, एका बाजूला पेपर, दुसऱ्या बाजूला आमचं. त्यांचा नवा दावा असा की त्यांची पश्चिमेची खोली हॉलपेक्षा तीन अंश गरम असते आणि आम्ही त्यांना मुद्दाम तिथे ठेवलंय. दुसरा सेन्सर ३५० रुपयांना मिळतो, मागवलाय. मार्चअखेर त्यांच्या छताजवळ बसेल.