आधी डी-पॅड, मग वायरलेस: रेट्रो सेटअपवरचा काही महिन्यांचा अनुभव

आमच्या हॉलमधल्या टीव्हीला रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक) जोडलाय आणि त्यावर रेट्रोपाय (जुन्या कन्सोलचे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं. सोफा टीव्हीपासून दहा-बारा फुटांवर आहे, त्यामुळे वायरचे कंट्रोलर ठेवले की येता-जाता कुणीतरी अडखळणारच. म्हणून सुरुवातीपासूनच वायरलेस हवे होते. गेले काही महिने चार कंट्रोलर आलटून पालटून वापरतेय: एटबिटडो कंपनीचे एसएन३० प्रो, प्रो २ आणि एम३०, आणि घरात आधीपासून असलेला सोनीचा ड्युअलशॉक ४. शिवाय एकाच डाँगलवर (यूएसबी पोर्टात खोचायचा छोटा रिसीव्हर) चालणारी एक स्वस्त जोडी होती, तिच्याबद्दल पुढे लिहिते. खेळतो ते बहुतेक नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी आलेलं: मारिओ, काँट्रा. त्यानंतरचे सेगा मेगा ड्राइव्ह आणि सुपर निन्टेन्डोवरचे खेळ, आणि भाचा आला की टेकन ३.

कंट्रोलर घ्यायचा म्हटलं की सगळे पहिल्यांदा विचारतात, ‘वायरलेसमध्ये लॅग येतो का?’, म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा होते का. माझ्या मते पहिला प्रश्न डी-पॅडचा, म्हणजे चार दिशा देणाऱ्या क्रॉसच्या आकाराच्या बटणाचा, असायला हवा. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२च्या डाँकी काँग गेम अँड वॉच या हातात धरायच्या खेळासाठी तो क्रॉस बनवला, १९८३मध्ये तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलच्या कंट्रोलरवर आला, आणि पुढची दहा-बारा वर्षं घरातल्या कन्सोलवरचे खेळ अंगठ्याखाली हाच क्रॉस आहे असं धरून बनत गेले. आजचे बहुतेक कंट्रोलर अ‍ॅनालॉग स्टिक (अंगठ्याने सगळीकडे फिरवायची छोटी दांडी) मुख्य धरून बनतात. डी-पॅड असतो तो मेन्यूत फिरायला किंवा हत्यार बदलायला. तसा डी-पॅड घेऊन तासभर काँट्रा खेळा. सरळ उजवीकडे गोळ्या मारायच्या असताना आपला खेळाडू बिल वर तिरक्या मारतो, आणि पळायचं सोडून मध्येच जमिनीवर आडवा होतो.

दुकानात किंवा बॉक्स उघडल्यावर लगेच करता येईल अशी एक चाचणी आहे. स्ट्रीट फायटर २ लावा, उजवी दिशा दाबून धरा आणि अंगठा न उचलता वर-खाली थोडा झुलवा. खेळाडू चालतच राहिला पाहिजे. त्याने उडी मारली किंवा तो खाली बसला, तर पॅड नको तिथे तिरकी दिशा देतोय. मग उलट बाजूने तपासा: खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच, म्हणजे हाडोकेन हा गोळा फेकायचा डाव. दहापैकी आठ-नऊ वेळा निघायला हवा. एकच पॅड दोन्ही चाचण्यांत उत्तम उतरणं सोपं नाही, कारण घट्ट क्रॉस सरळ दिशांना चांगला आणि सैल, गोलसर पॅड तिरक्या दिशांना चांगला. म्हणून आपण काय जास्त खेळतो ते आधी ठरवावं. मारिओ आणि टेट्रिसला क्रॉस, मारामारीच्या खेळांना गोल पॅड. माझ्याकडे एम३० आहे तो यासाठीच. मेगा ड्राइव्हच्या सहा बटणांच्या पॅडसारखा त्याचा आकार आहे, आणि स्ट्रीट फायटरची सहाही बटणं अंगठ्याखाली दोन ओळींत येतात. सुपर निन्टेन्डोवर जोरदार पंच आणि जोरदार किकसाठी खांद्यावरची एल आणि आर दाबावी लागतात, ती कसरत इथे नाही.

बटणांच्या मांडणीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, पण खेळताना रोजचा फरक तिथेच जाणवतो. आठ-बिट (फॅमिकॉमच्या काळातल्या) मारिओत बी धरून पळायचं आणि बी न सोडता अंगठा ए-वर कलवून उडी मारायची. जुन्या पॅडवर ही दोन बटणं शेजारी-शेजारी होती, म्हणून ते सहज व्हायचं. सुपर निन्टेन्डोच्या आकाराच्या पॅडवर बी खाली आणि ए उजवीकडे असतं, आणि अंगठा विचित्र कोनात वळवावा लागतो. उपाय रेट्रोपायमधल्या रेट्रोआर्च या प्रोग्रॅममध्येच आहे: आठ-बिट खेळांसाठी बी-चं काम वाय-ला आणि ए-चं काम बी-ला द्या आणि फक्त त्या कोअरसाठी (त्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या भागासाठी) रीमॅप, म्हणजे बटणांची नवी मांडणी, सेव्ह करा. सुपर मारिओ वर्ल्डमध्ये निन्टेन्डोने स्वतःच वाय-ने पळणं आणि बी-ने उडी ठेवली होती, तिथून हे घेतलं. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर कंट्रोलर नव्याने हातात बसल्यासारखा वाटतो.

आता लॅग. ६० हर्ट्झवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते. चांगला ब्लूटूथ कंट्रोलर नीट जोडलेला असेल तर त्याचा उशीर बहुधा या एका फ्रेमच्या आसपास किंवा आत राहतो. टीव्ही मात्र चित्र ‘सुधारायच्या’ नादात कित्येकदा ५० मिलिसेकंदांहून जास्त खातो. त्यामुळे कंट्रोलर बदलण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. आमच्याकडे सगळ्यात मोठा फरक त्याने पडला, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. त्यावर रेट्रोआर्चचं रन-अहेड (खेळ थोडा पुढे मोजून उशीर कमी करणारी सोय) एका फ्रेमवर ठेवलं. आठ-बिट खेळांना पाय ४ ते आरामात पेलतो, आणि खेळाच्या मूळ कोडमध्येच असलेला एका फ्रेमचा उशीरही निघून जातो.

उरलेला त्रास बहुतेक वेळा लॅगचा नसून सिग्नल तुटण्याचा असतो. उडीचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, किंवा मारिओ आपोआप पळतच सुटला, की समजावं संदेश वाटेत हरवतायत. पाय ४वर याची कारणं ठरलेली आहेत. ब्लूटूथ आणि वायफाय एकाच चिपवर, एकाच अँटेनावर आहेत, वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर दोघांची ओढाताण होते. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावं किंवा सरळ लॅन केबल लावावी. दुसरं कारण यूएसबी ३. त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट निघतो. इंटेलने २०१२मध्ये याच विषयावर लेख काढला होता. गेम एसएसडीवर असतील आणि ती निळ्या (यूएसबी ३च्या) पोर्टात असेल, तर शेजारी खोचलेल्या डाँगलचे हाल होतात. डाँगल काळ्या पोर्टात, तोही हातभर एक्स्टेन्शन केबलवर टीव्हीपुढे आणून ठेवला की फरक पडतो. तिसरं, पूर्ण धातूची केस. दिसते छान, पण आतल्या अँटेनाला झाकते. या तिन्ही गोष्टी सोडवल्यापासून ब्लूटूथवर तक्रारीला जागा राहिलेली नाही.

वायरलेस कंट्रोलर ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अटारीने १९८३मध्ये रेडिओवर चालणाऱ्या जॉयस्टिक काढल्या होत्या, आणि निन्टेन्डोचा २००२चा वेव्हबर्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालायचा. त्यात कंपन नव्हतं, पण दोन पेन्सिल सेलवर तो शंभर तास चालेल असं निन्टेन्डो सांगत असे. आजच्या बहुतेक कंट्रोलरना तो आकडा स्वप्नवत आहे.

बॅटरीच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: बॅटरी काढता येते तोच कंट्रोलर दीर्घकाळ टिकणारा. प्रो २मध्ये १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे, कंपनी साधारण २० तास सांगते, आणि ती काढून दोन पेन्सिल सेल घालता येतात. आमच्याकडे रिचार्जेबल सेलच्या दोन जोड्या फिरत असतात, त्यामुळे पाहुणे आले आणि चार्जिंग संपलं असं होत नाही. एसएन३० प्रोची ४८० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आत बंद आहे. रोजच्या खेळाला ती पुरते, पण पाच-सहा वर्षांनी ती दमली की स्क्रू उघडावे लागणार, हे घेताना लक्षात असू द्या.

दोघांनी खेळताना आणखी एक गोष्ट येते. जो कंट्रोलर आधी चालू होतो तोच पहिला खेळाडू ठरतो. भाचा दर वेळी विचारतो, ‘मावशी, मी कुठला गं?’ आता नियमच केलाय: आधी मी चालू करायचा, मग त्याने. प्रो २च्या पाठीमागे मोड बदलायचा सरकता स्विच आहे. तो एक्स-वर ठेवला की प्रत्येक वेळी तसाच राहतो आणि बटणांचं मॅपिंग पुन्हा करावं लागत नाही. मुलांच्या हाती द्यायचा असेल तर ही सोय फार मोलाची आहे.

त्या स्वस्त जोडीचं सांगते. पहिला महिना ठीक गेला. मग एका पॅडची उजवी दिशा हळूहळू मऊ पडत गेली, रबर बसलं, आणि दोन्ही पॅड एकाच डाँगलवर असल्याने एकाचा सिग्नल अडला की दुसराही थबकायचा. एकट्याने शांत खेळायला, कोडी सोडवायला चालून जाईल. काँट्रासारख्या दोघांच्या खेळाला नाही.

कुणी विचारलं तर मी असं सांगते. घरात ड्युअलशॉक ४ असेल तर आधी तोच जोडा. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आहेच, आणि टेकनसाठी तो घरचाच आहे. नवा एकच घ्यायचा असेल तर प्रो २, कारण आठ-बिटपासून प्लेस्टेशनपर्यंत सगळं त्याच्यावर निभतं. मन सेगात आणि मारामारीच्या खेळांत असेल तर एम३०. एसएन३० प्रो लहान हातांचा. आमच्याकडे तो भाच्याचाच झालाय.

निन्टेन्डो ६४चं कोडं मात्र यांपैकी एकानेही सुटलेलं नाही. त्याला अ‍ॅनालॉग स्टिकही हवी आणि चार पिवळी सी बटणंही. सध्या सी बटणं उजव्या स्टिकवर ठेवलीत. मारिओ ६४मध्ये कॅमेरा फिरवायला ती चालतात, पण झेल्डात बासरी वाजवताना सूर चुकतात. त्यासाठी खास ६४च्या आकाराचा ब्लूटूथ कंट्रोलर शोधतेय.