नॅनो हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट: पूड घ्या, सोबतची कृती बाजूला ठेवा

हाडांत आणि दातांत असतं तेच खनिज नॅनो पुडीच्या रूपात पुण्यातल्या एका रसायन विक्रेत्याकडे मिळतं. ग्लुकोज बायोसेन्सरसाठी, म्हणजे एन्झाइमच्या मदतीने ग्लुकोज ओळखून त्यानुसार करंट देणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी, पूड खरोखर चांगली आहे. त्यातल्या ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमवर पीएच 7 ला ऋण भार असतो, त्याचे कार्बॉक्सिल गट पुडीतल्या कॅल्शियमला धरून बसतात. एन्झाइम चिकटवायला वापरतात ते ग्लुटराल्डिहाइड हे रसायन लागत नाही, म्हणजे ते जास्त पडून एन्झाइम मरायची भीतीच नाही.

गोंधळ आहे तो पाकिटातल्या कृतीत. पूड थेट अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमधल्या कायटोसानमध्ये (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा, पातळ थर धरणारा पदार्थ) ढवळा, असं तीत सांगितलंय. त्या आम्लात हे खनिज विरघळतं! दुधट मिश्रण निवळत जातं, विद्यार्थ्यांना वाटतं छान मिसळलं; प्रत्यक्षात पूडच संपत असते.

त्याऐवजी 10 मिलिग्रॅम पूड 1 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास सोनिकेट करा, म्हणजे अल्ट्रासाउंडने हलवून गुठळ्या फोडा. एन्झाइम त्यानंतरच घाला: 10 मिलिग्रॅम प्रति मिलीचं द्रावण, तेवढंच म्हणजे 1 मिली, आणि तासभर 4 अंशांवर ठेवा. प्रशियन ब्लूच्या (एन्झाइमने तयार केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड ओळखणारा निळा पदार्थ) प्रिंटेड कार्बन इलेक्ट्रोडवर 5 मायक्रोलिटरचा थेंब सोडा. कायटोसान सगळ्यात शेवटी, वरून: अर्धा टक्का, पीएच 5.5 वर आणलेलं, 3 मायक्रोलिटर. पीएच 6.5 च्या पुढे गेला की त्याच्या गुठळ्या होतात.

पुण्याच्या पावसाळी हवेत थेंब लवकर सुकत नाही आणि पूड कडेला सरकून पांढरं कडं उमटतं. सिलिका जेलच्या बंद डब्यात, फ्रिजमध्ये सुकवा. थर जाड करायचा मोह टाळा, हे खनिज वीजवाहक नाही, करंट कमी होतो.

मोजणीला दाट फॉस्फेट बफर नको. फॉस्फेट एन्झाइमची जागा बळकावतं, मग एन्झाइम सुटून द्रावणात जातं आणि करंट दर वेळी कमी येतो. 20 मिलिमोलर मॉप्स (फॉस्फेट नसलेला बफर), पीएच 6.8, त्यात 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइड घ्या. पोटॅशियम प्रशियन ब्लूला लागतंच. ईडीटीएच्या (रक्त गोठू नये म्हणून नळीत घालतात ते रसायन) नळीतलं रक्त तर अजिबात नको, ईडीटीए कॅल्शियमच ओढून घेतं. ग्लुकोजचं द्रावण आदल्या रात्री करून ठेवा, कारण एन्झाइमला त्याचं बीटा रूपच चालतं आणि समतोल यायला वेळ लागतो.

पूड विकत घेताना एक्सआरडी आलेख (क्ष-किरणांनी खनिज ओळखायची चाचणी) मागाच. मागितल्याशिवाय देत नाहीत. मुख्य शिखर 31.8 अंशांजवळ हवं. 37.4 जवळ दिसलं तर कॅल्शियम ऑक्साइड उरलंय, त्याने पाणी अल्कधर्मी होऊन एन्झाइम जातं. असा लॉट परत करा.