लेगोच्या बॉल मशीनच्या नावाखाली माझे २१ हजार गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय

नमस्कार मंडळी. मी परभणीचा, मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे माझं. लिहायची सवय नाही, पण दोन महिने झाले ही गोष्ट डोक्यातून जात नाही आणि तोच माणूस अजून लोकांना गंडवतोय हे परवा कळलं, म्हणून सगळं लिहून काढतोय. लांब होईल, पण ज्यांच्या घरी लेकरं लेगोची, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या विटांची, मशीन बनवतात त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझी लेक आठवीला आहे. तिला जीबीसीचं वेड लागलंय, म्हणजे ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन. लेगोच्या तुकड्यांचं छोटं मशीन बनवायचं, ते एका बाजूनं चेंडू घेतं, वर चढवतं, फिरवतं, आणि दुसऱ्या बाजूनं पुढच्या मशीनच्या पेटीत टाकतं. चेंडू लेगोचेच, १४ मिलिमीटरचे. यातली खरी गंमत अशी की याला ठरलेले नियम आहेत, अमेरिकेतल्या स्टीव्ह हॅसनप्लग यानं आखलेले. चेंडू घ्यायची पेटी बाहेरून १० बाय १० खुंट्यांची (खुंटी म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा) म्हणजे ८० बाय ८० मिलिमीटर, उंची १० विटा, सेकंदाला सरासरी एक चेंडू पुढं गेला पाहिजे, आणि एकदम टाकायचे असतील तर ३० च्या वर नाही. एवढं पाळलं की परभणीत बनवलेलं मशीन जपानमधल्या मशीनला चिकटवा, चेंडू न अडता पुढं जातो. जपानचा आकियुकी म्हणून एक कारागीर आहे, त्याची मशीन बघत लेक रात्री जेवायची विसरते. मला स्वतःला मोटार, गिअर, लोड हेच दिवसभर असतं त्यामुळं मीही तिच्यासोबत बसायला लागलो. ८ दात्यांचा गिअर ४० दात्यांवर लावला की वेग पाचपट कमी होतो आणि जोर वाढतो, हे तिला पुस्तकात नाही तर आमच्या फरशीवर बसून कळलं, याचा मला फार आनंद आहे.

तर तिला विज्ञान प्रदर्शनात तीन मशीन एकमेकाला जोडून ठेवायची होती. नवीन सामान घ्यायचं म्हणजे आपल्या आवाक्याबाहेर, मोटार वेगळी, बॅटरी बॉक्स वेगळा, चेंडू वेगळे. म्हणून मी जुन्या सामानाच्या जाहिराती बघायला लागलो आणि एक जाहिरात सापडली. चार किलो टेक्निकचे (म्हणजे लेगोचेच गिअर, दांडे, पिना असलेले) पार्ट, दोन मोटारी, बॅटरी बॉक्स, ५०० चेंडू आणि चालू स्थितीतली तीन मशीन, सगळं मिळून १४,५००. सोबत व्हिडिओ, त्यात तिन्ही मशीन एका लाइनीत चालू, चेंडू असे टपटप टपटप जातायत की लेकीनं तो वीस वेळा बघितला.

फोन केला. पलीकडचा अगदी गोड बोलणारा. "दादा, परभणीचे का तुम्ही? माझं आजोळ सेलूचं, उन्हाळ्याच्या सुट्ट्या सगळ्या तिकडंच गेल्या." बस, इथं मी सैल पडलो. आपल्या भागातला माणूस निघाला की आपण पुढं काही विचारतच नाही. सेलूत कुठं, कुणाच्या घरी, एवढं जरी विचारलं असतं तर त्याची बोबडी वळली असती. वर म्हणाला, "ताईसाहेबांना प्रदर्शनाला पाहिजे ना, मग तुमच्यासाठी १२ ला देतो, पण दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, टोकन टाका." ३ हजार टाकले. दोन दिवसांनी पार्सल पॅक केल्याचा फोटो आला, तर ९ हजार अजून टाकले. रब्बीत बोअरच्या मोटारी जळून येतात तेव्हाच आमच्या हातात चार पैसे असतात, त्यातले हे १२ हजार.

पार्सल आलं, हे सांगितलं पाहिजे, कारण लोकांना वाटतं फसवणूक म्हणजे पार्सल येतच नाही. आलं. वजनही भरपूर होतं. कुरिअरवाला गेला, आम्ही घाईनं फोडलं, फोडतानाचा व्हिडिओ काढला नाही. आत तीन मशीन वगैरे काही नाही, नुसते सुटे तुकडे, लेगोसारखे दिसणारे. खऱ्या लेगोच्या प्रत्येक खुंटीवर बारीक अक्षरात लेगो लिहिलेलं असतं, इथं एकाही खुंटीवर नाही. लेक म्हणाली, "बाबा, राहू द्या, याच्यातच बनवते." तीन दिवस शाळेतून आली की बसली ती.

आता ते का चाललं नाही ते सांगतो. नकली विटांचं घर बनतं, गाडी बनते, शोकेसमध्ये ठेवता येते. पण चेंडूचं मशीन सतत हलतं, तासाला साडेतीन हजार चेंडू त्याच्यातून जाणार, तिथं थोडासाही फरक चालत नाही. माझ्याकडं तांब्याच्या तारेचा गेज बघायला मायक्रोमीटर आहे, तो घेऊन बसलो. खऱ्या लेगोची खुंटी ४.८ मिलिमीटर. पार्सलमधली कुठं ४.७, कुठं ४.८५, म्हणजे एक वीट लावली की आपोआप निघते आणि दुसरी दातानं काढावी लागते. चेंडू तर गोलच नव्हते, मधे साच्याची शिवण वर आलेली, एका बाजूनं १४.८ आणि शिवणीवरून १५ च्या वर. पेटीतून लिफ्टच्या खाचेत जाताना ती शिवण कडेला अडकायची, मागचे चेंडू त्याच्यावर चढायचे आणि सगळं जाम. तुकडे जोडायच्या काळ्या पिना घट्ट बसतात म्हणून सांधा पकडायला वापरायच्या आणि करड्या मोकळ्या फिरतात, इथं काळ्याच मोकळ्या फिरत होत्या, त्यामुळं लिफ्टचा दांडा दहा मिनिटांत तिरका व्हायचा. आणि मोटार, ती बिनलोडची मस्त फिरायची, दांड्याला जोडली की घुंऽऽ करून थांबायची आणि हाताला चटका बसेल इतकी तापायची. असली जळकी मोटार मी गिऱ्हाइकाला हातसुद्धा लावू देत नाही.

त्या रात्री लेकीनं जाहिरातीचा व्हिडिओ परत लावला आणि मला दाखवलं. मशीनच्या मागं खिडकी आहे, अर्ध्या सेकंदासाठी दिसते, आणि बाहेर बर्फ पडलेला आहे. कुण्या परदेशातल्या माणसाचा व्हिडिओ उचललेला. पोरगी काही बोलली नाही, तुकडे गोळा करून डब्यात भरले आणि झोपायला गेली. मला त्या पैशापेक्षा ते लागलं.

खरी चूक पुढं झाली. मी त्याला फोन लावला, चांगलं झापलं. तर तो ऐकून घेऊन म्हणतो, "दादा, गोडाऊनमधून चुकीचा बॉक्स गेला, माफ करा, ९ हजार आत्ता परत टाकतो, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा." मी रागात होतो, पैसे परत येतायत म्हणून घाईतही होतो. स्कॅन केला, रक्कम ९,००० आधीच भरलेली, पिन टाकला. मेसेज आला, ९ हजार कटले. त्याला सांगितलं तर म्हणे, "सर्व्हर उलटा पडला, परत एकदा करा, दोन्ही सोबत येतील." मी परत फोन उचलला होता, तेवढ्यात बायको आली. ती बचत गटाचं सगळं बघते. म्हणाली, "अहो, गटाचे पैसे येतात तेव्हा मी कधी पिन टाकते का?" माझा हात तिथंच थांबला. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करायचा तो फक्त द्यायला. हे मला माहीत होतं हो, दुकानाच्या काउंटरवर माझाच क्यूआर चिकटवलेला आहे, पण त्या क्षणी सुचलं नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, तेही उशीरच झाला, पैसे जातात त्याच मिनिटाला करायला पाहिजे कारण ते एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवतात. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराची ओळख पटवणारा नंबर) विचारला, तारीख वेळ विचारली, तक्रार नंबर दिला, नंतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकले. म्हणून चॅट कितीही राग आला तरी डिलीट करू नका, मी पहिलं काही रागात उडवलं होतं. शेवटच्या ९ हजारातले ४,२०० पुढच्या खात्यात होल्ड झालेत, आधीचे १२ कधीच निघून गेलेले. ते ४,२०० अजून हातात आलेले नाहीत, बँकेत दोन चकरा झाल्या.

आता मी जुनं सामान घेताना काय करतो ते सांगतो. विकणाऱ्याला म्हणतो, कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून मशीनच्या बाजूला ठेव आणि पेटीत दहा चेंडू टाकून दहाच्या दहा बाहेर पडेपर्यंत व्हिडिओ काढ, मधे कट नको. मग खुंटीचा जवळून फोटो. ज्याच्याकडं खरंच माल आहे त्याला याला पाच मिनिटं लागतात, गेल्या महिन्यात जालन्याच्या एका कॉलेजच्या पोरानं लगेच पाठवला, मी रविवारी एसटीनं जाऊन मोटार हातात धरून, लोडवर फिरवून, मग पैसे दिले. लेकीचं एक मशीन आता चालतं, बाकी दोन व्हायचीत, प्रदर्शन तर होऊन गेलं.

आणि ती जाहिरात परवा परत दिसली. नाव बदललंय, गाव बदललंय, किंमत १३ केलीय, ह्या वेळी आजोळ कुठलं सांगतोय देव जाणे. व्हिडिओ तोच आहे. साधारण मधोमध, कॅमेरा डावीकडं वळतो तिथं थांबवा, मागं पांढरी चौकट असलेली खिडकी आहे आणि बाहेर झाडावर बर्फ आहे.