स्ट्राव्हा: एकट्याने नाही, ग्रुपने वापरायचं अ‍ॅप

स्ट्राव्हा हे धावणं, चालणं, सायकल नोंदवायचं अ‍ॅप. अंतर, पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ), चढ आणि एकूण वेळ एवढंच हवं असेल तर त्याची गरज नाही, मनगटावरचं बऱ्यापैकी घड्याळही ते दाखवतं. स्ट्राव्हा घ्यायचं ते फीडसाठी, म्हणजे आपण फॉलो करतो त्यांच्या नोंदींच्या यादीसाठी. ओळखीतलं कोण आज किती चाललं, कोण सायकलवर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलं, हे सकाळच्या चहाबरोबर कळतं आणि दुसऱ्या दिवशी गजर बंद करून परत झोपणं जरा जड जातं. हा परिणाम खरा आहे. पण तो चांगला होणार की वाईट, हे फीडमध्ये कोण आहे यावर ठरतं, आणि अ‍ॅपची मूळ सेटिंग्ज त्या बाबतीत ग्रुपच्या फारशी कामाची नाहीत. ती बदलून घेतली तर फुकटातलं स्ट्राव्हाही चालणाऱ्या-धावणाऱ्या ग्रुपसाठी उत्तम आहे.

सोबतीने माणूस जास्त धावतो हे म्हणणं सोपं, सिद्ध करणं अवघड. कारण धावणारे मुळात धावणाऱ्यांशीच मैत्री करतात. ख्रिस्ताकिस आणि फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांच्या आरोग्याच्या आकडेवारीवरून २००७ मध्ये मांडलं की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. त्यावर हाच आक्षेप घेतला गेला. अराल आणि निकोलाईडिस या संशोधकांनी २०१७ मध्ये ही अडचण हवामानाच्या मदतीने सोडवली. एका धावण्याच्या नेटवर्कवरच्या सुमारे ११ लाख लोकांच्या पाच वर्षांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. एका शहरात पाऊस पडला, तिथला मित्र कमी धावला, तर कोरड्या शहरातला त्याचा मित्रही कमी धावतो का, हे पाहिलं. हो, तोही कमी धावतो. मित्र एक किलोमीटर जास्त धावला तर आपण सुमारे ३०० मीटर जास्त धावतो. आणखी महत्त्वाचं म्हणजे कमी धावणाऱ्यांचा परिणाम जास्त धावणाऱ्यांवर होतो, उलट होत नाही. पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही परिणाम दिसला, स्त्रियांवर फक्त स्त्रियांचा.

हे वाचून आपलं फीड उघडून पाहावं. नवीन माणूस अ‍ॅप घेतो आणि पहिल्याच दिवशी शहरातले नावाजलेले मॅरेथॉनपटू फॉलो करतो. त्यांचे ३० किलोमीटरचे लाँग रन बघून पाय हलत नाहीत, उलट आपले तीन किलोमीटर टाकायची लाज वाटते. फीडमध्ये बहुतेक माणसं आपल्या आसपासच्या ताकदीची हवीत. ग्रुपमध्ये बायका असतील तर किमान तीन-चार जणी एकदम आणाव्यात, वीस पुरुषांत एकटी बाई फार दिवस टिकत नाही. आणि एखादं माणूस दुसऱ्या हवामानातलं जरूर ठेवावं. जुलैत पुणे-ठाण्याचा सगळा ग्रुप घरात बसतो तेव्हा चेन्नईतला मामेभाऊ धावत असतो, आणि ऑक्टोबरनंतर तिकडे पाऊस सुरू झाला की इकडचे लोक त्याला बाहेर काढतात.

आता क्लब, म्हणजे अ‍ॅपमधला आपला गट. स्ट्राव्हावर क्लब काढायला दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक ग्रुपचं गाडं तिथेच चुकतं: चारशे लोक आत घेतात. क्लबचा तक्ता आठवड्याचा असतो, सोमवारी नव्याने सुरू होतो आणि अंतराप्रमाणे लागतो. चारशे जणांत ३१२ व्या क्रमांकावर असलेल्या माणसाला तो तक्ता काहीच सांगत नाही. क्लब आठ ते बारा जणांचा असावा, खासगी ठेवावा आणि खेळाचा प्रकार नीट निवडावा. धावण्याच्या क्लबमध्ये कोणी चालणं ‘वॉक’ म्हणून नोंदवलं तर ते अंतर धरलं जात नाही आणि ‘माझं नाव का नाही’ म्हणून भांडण लागतं. चालणाऱ्यांचा क्लब वेगळाच काढावा.

छोटा गट का, यालाही आधार आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप अप’ चाचणीत वजन जास्त असलेले ६०२ कर्मचारी होते आणि स्पर्धा करणाऱ्यांना तिघातिघांत विभागलं होतं. दर सोमवारी प्रत्येकाच्या खात्यात ७० गुण, ठरलेली पावलं न भरलेल्या प्रत्येक दिवसाचे १० वजा. आपसात स्पर्धा असलेल्यांची पावलं नुसतं मोजमाप ठेवणाऱ्यांपेक्षा दिवसाला सरासरी ९२० ने जास्त वाढली. २४ आठवड्यांनंतर खेळ बंद केला, तरी पुढचे १२ आठवडे वाढ टिकली ती याच गटाची. स्ट्राव्हात ही वजाबाकीची सोय नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर सहज जमते: सोमवारी सगळ्यांच्या नावापुढे ७०, रोज रात्री एकाने वजाबाकी करायची. लक्ष्य ज्याचं त्याचं, आधीच्या दोन आठवड्यांच्या सरासरीहून थोडं जास्त. पहिल्याच दिवशी सगळ्यांना दहा हजार पावलं लावली की निम्मे लोक बुधवारपर्यंत गळतात.

सगळ्यात मोठं नुकसान पेसमुळे होतं. आठवड्यातले बरेचसे रन गप्पा मारता येतील इतके हळू हवेत. पण नोंदीखाली सगळ्यांना किलोमीटरला ७:४० मिनिटं असा पेस दिसणार म्हटलं की माणूस शेवटचा किलोमीटर पळत काढतो. असं रोज झालं की पोटरी, नडगी आणि टाच बोलायला लागतात. यावर अ‍ॅपमध्येच उपाय आहे. नोंद एडिट करताना पेस आणि हृदयाचे ठोके इतरांपासून लपवता येतात. ग्रुपने सरळ नियम करावा: मंगळवार-गुरुवारच्या सोप्या रनचा पेस कोणीही दाखवायचा नाही. कुडोज, म्हणजे नोंदीला दिलेली शाबासकी, तीही वेगाला देऊ नये, हजेरीला द्यावी. अर्ध्या तासाच्या चालण्याला दहा जणांनी अंगठा दिला की नवीन माणूस परवा पुन्हा येतो.

फीडचा एक दोष मात्र कुठल्याच सेटिंगने जात नाही. तिथे आलेले दिसतात, न आलेले दिसत नाहीत. गुडघा दुखतोय म्हणून, घरात आजारपण आहे म्हणून थांबलेलं माणूस गुपचूप नाहीसं होतं आणि दोन महिन्यांनी लक्षात येतं. रविवारी रात्री, तक्ता नव्याने सुरू होण्याआधी, कोणाचं नाव नाही ते एकाने पाहावं आणि फोन करावा. मेसेज नको, फोन.

नोंदीचे घोटाळे नेहमीचेच आहेत. नकाशावर वळणांऐवजी सरळ रेघ आली तर फोनच्या बॅटरी सेव्हरने अ‍ॅप मध्येच झोपवलं असं समजावं. अँड्रॉइडवर स्ट्राव्हावरचं बॅटरीचं बंधन काढून टाकावं, लोकेशन ‘प्रिसाइज’ ठेवावं आणि जीपीएस मिळाल्याचं दिसेपर्यंत निघू नये. लोअर परळसारख्या उंच इमारतींमध्ये रेघ नागमोडी होते आणि अंतर फुगतं, ते सोडून द्यावं. सोडू नये ती स्कूटर. रन संपला, टपरीवर चहा झाला, नोंद बंद करायची राहिली आणि घरापर्यंतचे सहा किलोमीटर ताशी ४० च्या वेगाने धावण्यात जमा झाले. तेवढा शेवटचा तुकडा ‘क्रॉप’ने कापता येतो. त्याच दिवशी कापावा, नाहीतर आठवड्याचा तक्ता बिघडतो आणि बाकीच्यांचा रस जातो.

खासगीपणाचं पहिल्या दिवशीच करावं. प्रोफाइल आणि नोंदी ‘फॉलोअर्स’पुरत्या ठेवाव्यात आणि घराच्या पत्त्याभोवतीचा भाग नकाशावरून लपवावा, तो १६०० मीटरपर्यंत वाढवता येतो. रोज त्याच वेळी त्याच दारातून निघणाऱ्याची दिनचर्या अनोळखी माणसाने वाचावी असं काहीही त्यात राहू देऊ नये. स्ट्राव्हाच्या जगभराच्या हीटमॅपवरून (सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून काढलेला नकाशा) २०१८ च्या जानेवारीत लष्करी तळांवरच्या धावण्याच्या वाटा उघड झाल्या होत्या, तिथे एका सोसायटीचं गेट काय लपणार? पहाटे एकट्या निघणाऱ्यांनी ‘बीकन’ चालू करावं. ते तीन जवळच्या माणसांना आपली जागा दाखवत राहतं आणि फोनवर त्याचे पैसे पडत नाहीत.

पैसे भरावेत का? नोंद, फीड, कुडोज, क्लब आणि बीकन फुकट आहेत. सेगमेंटचे (रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर कोणाला किती वेळ लागला याचे) पूर्ण तक्ते आणि मार्ग आखण्याची सोय २०२० पासून सशुल्क झाली. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटासारख्या चढांचा सराव आखायचा असेल तर ती उपयोगाची आहे, आरोग्यासाठी जमलेल्या दहा जणांना तिची गरज नाही. ग्रुप चॅलेंज काढायचंच असेल तर एकाने सदस्यत्व घेतलं की पुरतं, बाकीचे त्यात फुकट येऊ शकतात.