बाबागाडी, मोठं शहर आणि उजवीकडचा खटका: आठ महिन्यांनंतर

हे लिहायचं तीन आठवडे मनात होतं, पण राग निवल्याशिवाय लिहायला बसायचं नाही असं ठरवलं होतं. राग पुरता निवलेला नाही. तरी आता दोन्ही बाजू सांगता येतील.

गाडी कुठली ते लिहीत नाही. सात किलोच्या आतली, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावणारी, ‘एका हाताने मिटणारी’ या वर्गातली आहे. या गाड्यांची वजनं-मापं तुम्हीही माझ्याइतकीच पाठ केली असणार, म्हणून त्यात शिरत नाही. लेक पाच महिन्यांची असताना घेतली, आता ती तेरा महिन्यांची आहे. घेतली ती ताईकडे जाण्यासाठी. ताई मोठ्या शहरात राहते. या आठ महिन्यांत आम्ही तिच्याकडे सहा वेळा गेलो, दर वेळी चार-पाच दिवस. ताई आणि भावजी दिवसा कामावर, म्हणजे शहर बघायचं ते आम्ही दोघं, माझी आई आणि बाळ. गाडीची खरी परीक्षा तिथेच झाली.

पहिले चार महिने मी या गाडीची तारीफ करत होते. पाठ जवळजवळ आडवी होते, म्हणून पाच महिन्यांच्या बाळालाही निजवता आलं. युरोपातल्या मानकाप्रमाणे पाठ १५० अंशांपर्यंत मागे जात नसेल, तर ती बैठक सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी नसते. घेताना आम्ही हे बघितलं होतं. चाकं गुळगुळीत फिरतात, टप चांगला खाली येतो, पाचही पट्ट्यांचं बक्कल एका दाबात सुटतं. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून खटकत होती. एका हाताने मिटते म्हणतात, ती मिटते हे खरं, पण दुसरा हात मोकळा असेल तरच. हँडलवरची कळ अंगठ्याने सरकवायची, त्याच हाताच्या बोटांनी खालचा खटका दाबायचा आणि तसंच दाबून धरून हँडल पुढे ढकलायचं. कडेवर नऊ किलोचं पोर आणि खांद्यावर डायपरची सॅक घेऊन हे करून बघा. जाहिरातीतल्या बाईच्या कडेवर मूल नसतं.

तरी सवय झाली होती. मग पाचवा महिना आला.

भुयारी मेट्रोचं स्थानक, सकाळची गर्दी. लिफ्टसमोर साखळी आणि ‘बंद’ची पाटी. सरकत्या जिन्यावर उघडी गाडी न्यायची नाही हा आमचा नियम आहे. चाक पायरीच्या कडेला अडकलं की गाडी उलटते, म्हणून जिन्यांवर तसं लिहिलेलंही असतं. म्हणजे गाडी मिटायची, बाळ कडेवर, आणि साध्या जिन्याने खाली. नवरा तिकिटांच्या रांगेत होता. मी लेकीला डाव्या कडेवर घेतलं, उजव्या हाताने कळ सरकवली, खटका दाबला, ढकललं. गाडीची डावी बाजू मिटली. उजवी नाही. सांगाडा पिळवटून तिरपा उभा राहिला, पुढचं एक चाक हवेत. पुन्हा उघडून बघितली, तर उघडेनाही. मागे माणसं थांबलेली, लेक रडायला लागलेली, आई म्हणतेय, “अगं, तिला माझ्याकडे दे आधी,” आणि आईच्या गुडघ्यांकडे बघून मला ते जमेना. शेवटी एका अनोळखी मुलाने वाकून उजव्या बाजूचा आकडा चक्क किल्लीने उचकटला, तेव्हा गाडी मिटली. गाडी हातात आली तोवर दोन मेट्रो निघून गेल्या होत्या आणि बाळाची झोपेची वेळही. त्या दिवशीचं संग्रहालय राहिलं ते राहिलंच.

घरी आल्यावर कंपनीला लिहिलं. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, बिल पाठवलं. उत्तर आलं की वापरामुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. मी त्यांच्याच पत्रकातली ओळ उतरवून पाठवली: सांगाड्याला दोन वर्षं. त्यांचं म्हणणं, मिटायची यंत्रणा म्हणजे सांगाडा नव्हे. मग मी विचारलं की मिटायची यंत्रणा सांगाड्यात नाही तर कशात आहे, कापडात? याला दोन आठवडे उत्तर नाही. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. नवरा म्हणाला, सोड, दुसरी घेऊ. मी नाही म्हटलं. पाच महिने वापरलेली गाडी, चाकं नवी असल्यासारखी, कापडाला साधा डाग नाही, आणि एका आकड्यापायी ती माळ्यावर टाकायची? आमच्या घरात वस्तू अशा टाकत नाहीत आणि लेकीलाही मला ते शिकवायचं नाही.

म्हणून एका रात्री ती निजल्यावर गाडी आडवी घातली आणि टॉर्च लावून बघितलं. इथे माझं मत बदललं, ते प्रामाणिकपणे सांगते. हँडलमधल्या कळीपासून दोन बारीक तारा नळ्यांच्या आतून दोन्ही बाजूंच्या सांध्यांपर्यंत जातात. कळ दाबली की तार आकडा ओढते, आकडा खिळ्यावरून सुटतो, नळी दुमडते. डावा सांधा स्वच्छ होता. उजव्या आकड्याच्या खाचेत काळपट, कडक झालेला लगदा: बिस्किटाचा चुरा, वाळू, सांडलेलं दूध. लेक उजव्या हाताने खाते आणि उरलेलं त्याच बाजूने खाली सोडते. बैठकीचं कापड तिथे दोन बोटं अपुरं आहे, सगळं थेट खाचेत पडतं. जुन्या टूथब्रशने खरवडलं, ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं, मग सिलिकॉनचा स्प्रे मारला. साधं तेल घालू नका, तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा घट्ट लगदा तयार होतो. खटका लगेच सुटला.

म्हणजे चूक माझी का? अर्धी. साफ करायला हवं हे मला कळायला हवं होतं. पण मूल बसायच्या वस्तूत चुरा पडणार हे गाडी बनवणाऱ्याला ठाऊक नसावं, हे मी मान्य करणार नाही. माहितीपत्रकात चाकं काढून धुवायचं चित्र आहे, या खाचेबद्दल अक्षर नाही. आणि उजवी तार सैल पडली होती हेही खरं, कारण तीन आठवड्यांनी खाच स्वच्छ असतानाही आकडा पुन्हा अडकला. तो व्हिडिओ पाठवल्यावर मात्र कंपनी नरमली आणि नवी तार फुकट बसवून मिळाली. एकूण सात आठवडे गेले.

त्या सात आठवड्यांत एकदा ताईकडे जावंच लागलं, गाडीशिवाय. तेव्हा मैत्रिणीचं वापरलेलं कॅरियर, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून न्यायची झोळी, मागून घेतलं. कॅरियरबद्दल माझं मत फार वाईट होतं: पाठ मोडते, घाम येतो. पाठ मोडते हे अजूनही म्हणते, दीड तासानंतर खांदे भरून येतात. पण त्या फेरीत आम्ही जेवढं बघितलं तेवढं आधी कधी बघितलं नव्हतं. लिफ्ट शोधायची नाही, जुन्या वाड्यांचे उंच उंबरे आडवे येत नाहीत, बाजाराच्या गल्लीत रस्ता मागावा लागत नाही. फक्त बसवताना बघा: बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर, मांड्या आधारलेल्या, म्हणजे समोरून पायांचा इंग्रजी ‘एम’ दिसला पाहिजे, नाहीतर खुब्यांवर ताण येतो. चेहरा आपल्याला सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नको, श्वासाची वाट मोकळी हवी. पाठीवर घ्यायची, धातूच्या चौकटीची कॅरियर बऱ्याच संग्रहालयांत आत नेऊ देत नाहीत. पुढे बांधायची कापडी बहुधा चालते, तरी आधी विचारून घेतलेलं बरं.

आता आमची फेरी गाडी आणि कॅरियर दोन्हींवर बेतलेली असते. आणि इथे मला त्या खटक्याचे उपकार मानावे लागतात, कारण त्याच्यामुळे मी दिवस आखायला शिकले. आधी आम्ही काय काय बघायचं त्याची यादी करायचो. आता मी आधी मोजते, आजच्या वाटेवर गाडी किती वेळा मिटावी लागेल. दोनपेक्षा जास्त वेळा असेल तर गाडी ताईकडेच, कॅरियर बरोबर. एकदाही मिटायची नसेल, म्हणजे बाग, नदीकाठ, मोठं प्राणिसंग्रहालय, तर गाडी. मेट्रोच्या नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेली स्थानकं तेवढी धरायची. एखादं स्थानक पुढे जाऊन तिथून वीस मिनिटं चालत मागे यावं लागलं तरी ते परवडतं. बऱ्याच देशांत उताराला १:१२ हे प्रमाण धरतात, एक फूट चढायला बारा फूट लांबी. तसा उतार असला की झोपलेलं बाळ हलतही नाही. हे उतार, या लिफ्ट व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी भांडून मिळवल्या, आणि त्यावरून माझं बाळही जातं आणि माझी आईही. लिफ्ट बंद पडली की आता मी कर्मचाऱ्याला गाठून तक्रार नोंदवते, मग मेट्रो चुकली तरी चालेल.

दुसरं माप झोपेचं. पाच-सहा महिन्यांची असताना ती सलग दोन तास जागी राहायची, वर्षाची झाल्यावर साडेतीन-चार. सगळ्यात लांबचं ठिकाण सकाळच्या पहिल्या जागेपणात उरकायचं आणि चालायचा टप्पा तिच्या झोपेवर ठेवायचा. संग्रहालयात शिरायचं ते ती उठल्यावर, कारण बाळ गाडीत झोपलेलं असताना गाडी दारातच ठेवायला सांगतील आणि तिला उठवावं लागेल ही भीती असते. एका दिवसाला एकच मोठं ठिकाण. दुसरं मनात ठेवायचं, पण आईला सांगायचं नाही, नाहीतर ती ओढत राहते.

दुधाबद्दल थोडक्यात. काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास टिकतं, बर्फाच्या थैल्यांसकट थर्मल पिशवीत २४ तास. डब्याच्या पावडरचं दूध बनवून ठेवलं तर बाहेर दोन तासांच्या आत संपवायचं. पावडर निदान ७० अंश गरम पाण्यात कालवून मग निववायची, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी आणि मोजलेली पावडर वेगळी नेणं बरं. दोन तासांचा हा हिशेब ठेवला की बाटली घाईने भरून न्यायची गरज राहत नाही.

उन्हात गाडीवर दुपटं टाकून चाललेले आईबाप मला दर फेरीत दिसतात, आणि थांबवून सांगावंसं वाटतं. कोरडं पातळ कापड टाकलं तरी आत हवा कोंडते आणि आतलं तापमान बाहेरच्याहून वाढतं. सिडनी विद्यापीठाने २०२३ मध्ये हेच मोजलं. तेच कापड ओलं करून, जोडीला छोटा पंखा लावला तर उलट आत गार होतं, पण कापड वाळलं की पुन्हा भिजवावं लागतं. आम्ही टप आणि सावली यांवरच भागवतो आणि दर थोड्या वेळाने तिच्या मानेला मागून हात लावून बघतो.

अजून एक सांगायचं राहिलं. हँडलला पिशवी अडकवू नका. दुसऱ्या फेरीत लेकीला बाहेर काढल्याबरोबर पिशवीच्या वजनाने गाडी माझ्याच पायावर मागे पडली. ती आत असती आणि चढ असता तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो. सामान खालच्या टोपलीत, जड असेल तर आपल्या पाठीवर.

मिटणाऱ्या गाड्यांबद्दल एवढं वाचलं तेव्हा कळलं की छत्रीसारखी मिटणारी पहिली बाबागाडी ओवेन मॅक्लारेन यांनी केली, पेटंटचा अर्ज १९६५ सालचा. ते विमानांचे अभियंते. स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं, आणि त्यांची ॲल्युमिनियमची गाडी जेमतेम सहा पौंडांची होती. साठ वर्षांपूर्वी एका आजोबांनी नातवंडासाठी हे जमवलं, तर आज खाचेवर दोन बोटं कापड वाढवणं कुणाला जड जाऊ नये. कंपनीला हे लिहून कळवलंय. उत्तर आलेलं नाही.

तर गाडी घ्यावी का? दुकानात ती उघडून-मिटून बघताना कडेवर मूल घ्या, नाहीतर पाच-सात किलोची पिशवी तरी. तशी मिटली तरच घ्या. सांध्याची खाच उघडी आहे की झाकलेली ते वाकून बघा, आणि मिटायची यंत्रणा वॉरंटीत येते का ते लिहून मागा. मी स्वतः पुन्हा हीच घेतली नसती. पण आहे ती विकणारही नाही. खाचेवर मी जुन्या छत्रीच्या कापडाची पट्टी शिवून टाकली आहे. दोन महिने झाले, आत कण गेलेला नाही.

परवा पुन्हा ताईकडे निघतोय. या वेळी राहिलेलं संग्रहालय. जवळच्या स्थानकाची लिफ्ट चालू आहे का ते ताईला कामावरून येताना बघायला सांगितलंय.