ढाक्यात भाड्यानं घेतलेला गनमॅन

इचलकरंजीत आमचं स्टेंटरच्या, म्हणजे कापड ताणून वाळवणाऱ्या मशीनच्या, सुट्या भागांचं काम आहे. पिना, क्लिपा, साखळीचे बेअरिंग. ढाक्याजवळच्या आशुलियातल्या एका डाइंगवाल्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या, पार्टीकडं आमचे साडेअकरा लाख अडकले होते. तिकडं डॉलरची चणचण, बँक एलसीचे, म्हणजे तिनं हमी दिलेले, पैसे सोडेना, त्यात बसवलेल्या साखळीतून आवाज येतोय अशी पार्टीची तक्रार. असलं फोनवर मिटत नाही. जायलाच हवं होतं, पण दिवस 2024 च्या सप्टेंबरचे.

त्याआधीचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. जुलैत आरक्षणाचं आंदोलन, इंटरनेट बंद, संचारबंदी. 5 ऑगस्टला शेख हसीना देश सोडून दिल्लीजवळ हिंडनला उतरल्या. त्यानंतर काही दिवस ढाक्याच्या ठाण्यांत पोलीसच नव्हते, चौकात विद्यार्थी गाड्या आवरत होते. बायको म्हणाली, "पैसे बुडाले तर बुडाले." मी म्हटलं, बंदोबस्त करून जातो.

इथंच पहिली चूक झाली. बंदोबस्ताचं पार्टीला विचारायचं सोडून मी कोलकात्याच्या एका तिकीटवाल्याला विचारलं. पार्टीला काय सांगायचं, तुमच्या गावात यायची भीती वाटते म्हणून? वसुलीला निघालेल्या माणसानं घाबरलेलं दिसू नये, हा आमच्या धंद्यातला जुना माज.

तिकीटवाल्यानं एक नंबर दिला. पलीकडचा माणूस स्वतःला 'रिटायर्ड मेजर' म्हणवत होता. हिंदी स्वच्छ, बोलणं शांत. त्याच्या बातम्या मात्र खऱ्या असायच्या, आणि मी तिथंच फसलो. तो म्हणाला, 2023 च्या मे महिन्यात भारत-अमेरिकेसकट काही देशांच्या राजदूतांचा जादा पोलीस एस्कॉर्ट काढला आणि पैसे भरून अन्सारचे, म्हणजे बांगलादेशच्या सरकारी निमलष्करी दलाचे, जवान घ्या म्हणून सांगितलं, तेच जवान मी तुम्हाला देतो. नेटवर शोधलं तर बातमी होती. म्हणाला, 25 ऑगस्टला अन्सारवाल्यांची सचिवालयाजवळ विद्यार्थ्यांशी मारामारी झाली, म्हणून आता माणूस मिळत नाही, रेट वाढलाय. तेही खरं. दोन गोष्टी खऱ्या निघाल्यावर तिसरी तपासावी असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीन दिवसांचे 1 लाख 80 हजार ठरले. एक हत्यारबंद अन्सार, एक 'माजी कमांडो', काळी एसयूव्ही, विमानतळावर आत येऊन घेणार. साठ टक्के आगाऊ, म्हणजे 1 लाख 8 हजार, कोलकात्यातल्या एका खात्यावर. उरलेले उतरल्यावर डॉलरमध्ये. खातं टूर कंपनीच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाला, "सिक्युरिटीच्या नावानं पैसे आले की बँक प्रश्न विचारते." मला ते पटलंसुद्धा!

18 सप्टेंबरला मी आणि आमचा फिटर उतरलो. आत कोणी आलं नव्हतं. बाहेर जुनी पांढरी मायक्रोबस, ड्रायव्हर, आणि काळा सफारी घातलेला पंचविशीतला पोरगा, गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड. अन्सार कुठाय म्हटलं, तर "उद्या सकाळी रिपोर्ट करणार." उरलेले डॉलर मात्र तिथंच मोजून घेतले. गाडीत बसताना फिटर हळूच म्हणाला, "मालक, ह्या कमांडोच्या पायात स्लिपर हाय." मी त्यालाच गप्प केलं.

रात्री गुलशनच्या हॉटेलात मेजरचा मेसेज. कालच सरकारनं लष्कराच्या अधिकाऱ्यांना मॅजिस्ट्रेटचे अधिकार दिलेत, आता आशुलियाच्या रस्त्याला वेगळा आर्मी पास लागेल, 35 हजार. सोबत फोटो: फोडलेलं मेट्रो स्टेशन, काचांचा खच. खाली लिहिलेलं, 'आज संध्याकाळी'. अधिकारांची बातमी हॉटेलच्या टीव्हीवर चालूच होती. मी बाथरूममध्ये जाऊन फोनवरून पैसे पाठवले, फिटरला दिसू नये म्हणून.

सकाळी अन्सार आला नाही. पासही आला नाही. कमांडो म्हणाला, पास ऑनलाइन आहे. ढाक्याचा उत्तरा भाग ओलांडून आशुलियाच्या रस्त्याला लागलो, वर उन्नत मार्गाचं बांधकाम, खाली ट्रक आणि चिखल. एका ठिकाणी सैनिकांनी गाडी थांबवली. कमांडो खिडकीकडं तोंड करून झोपल्यासारखा पडून राहिला. सैनिकानं आमचे पासपोर्ट बघितले, कारखान्याचं नाव विचारलं, डिकी उघडून फिटरच्या पान्यांची पेटी बघितली आणि जा म्हणाला. पाच मिनिटंही लागली नसतील. पास कुणी मागितलाच नाही.

कारखान्याच्या गेटवर दोन अन्सार उभे होते, खरेखुरे, गणवेशात. जीएमसाहेब बाहेर आले, आमच्या मागं उभ्या पोराकडं बघितलं आणि त्याचं कार्ड हातात घेतलं. बंगाली अक्षरं मला थोडीफार लागतात, पण निघण्याआधी एकदाही त्या कार्डाचा फोटो मागवला नव्हता. साहेबांनी वाचलं: उत्तऱ्यातल्या एका मार्केटचा रात्रपाळीचा पहारेकरी. पोराला विचारलं, तर म्हणाला, दिवसाचे आठशे टाका मिळणार होते, अजून मिळाले नाहीत. जीएमसाहेबांनी त्याला आधी चहा पाजला.

मग माझ्या फोनमधला फोटो त्यांना दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, "भाई, ये मीरपूर-दस का स्टेशन है. जुलाई का." 19 जुलैला फोडलेलं स्टेशन मी सप्टेंबरात 'आज संध्याकाळी' म्हणून विकत घेतलं होतं. अन्सारचंही त्यांनीच सांगितलं. आमच्या गेटवर आहेत ते कंपनीनं दलाच्या कार्यालयात रीतसर अर्ज करून, पगार भरून घेतलेत. फोनवर तीन दिवसांसाठी एकट्या माणसाला कोण देणार? खासगी गार्ड पुरवणाऱ्यालाही तिथं 2006 च्या कायद्यानं परवाना लागतो, आपल्याकडं 2005 च्या कायद्यानं लागतो तसाच. परवान्याचा नंबर मी मेजरला विचारला नव्हता. घरी वॉचमन ठेवताना आधार कार्ड मागतो मी!

भीती खोटी होती असं नाही. शेजारच्या काही कारखान्यांवर तेव्हा श्रम कायद्याचं कलम 13(1) लावलेलं होतं, म्हणजे काम नाही तर पगार नाही, आणि त्यावरून कामगार रस्त्यावर येत होते. पण कुठला रस्ता कधी बंद होतो हे जीएमसाहेबांना सकाळी सातलाच कळायचं, कारण त्यांची स्टाफ बस त्याच रस्त्यानं यायची. दोन दिवस त्यांनी आम्हाला त्या बसनंच नेलं-आणलं. साखळीचा आवाज फिटरनं तासाभरात काढला. पैशांचे दोन हप्ते ठरले.

परत आल्यावर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला, मग पोलीस ठाण्यात गेलो. एकूण 2 लाख 15 हजार गेले होते. ठाण्यातल्या साहेबांनी पावती मागितली. मेलवर आलेली पावती मी तोवर नीट उघडूनही बघितली नव्हती. तिथं टेबलावर उघडली. तिच्यावर लिहिलं होतं: कॉक्सबाजार सहल, दोन प्रौढ, तीन दिवस, समुद्र दिसणारी खोली. साहेब म्हणाले, "मग गेला नाहीत का तुम्ही?"